भुलीच्या डॉक्टरांना खरे ते सांगा



सुगी आटोपली की लांबणीवर टाकलेली ऑपरेशने निघतात. कुणाचा हर्निया, कुणाची गर्भपिशवी. माणूस सुरीला भीत नाही तेवढा भुलीला भितो. ‘परत जाग आलीच नाही तर?’ हा प्रश्न ओठावर येत नाही, पण मनात असतोच.

१८४६ साली अमेरिकेत बोस्टन शहरी मॉर्टन यांनी ईथर हुंगवून ऑपरेशनला भूल दिली, तेव्हापासून भूल जगभर पसरली. त्याआधी रोग्याला चार माणसे दाबून धरीत. आज भुलीचे डॉक्टर सुई टोचून निघून जात नाहीत. ऑपरेशन संपेपर्यंत ते उशाशी असतात. नाडी, श्वास, रक्तदाब यांवर त्यांची नजर असते. पूर्ण भुलीत औषध लागेल तसे देत राहतात. ते थांबवले की माणूस जागा होतो.

पाठीतल्या सुईने कंबर कायमची जाते, असे बायाबापड्या म्हणतात. मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली ती सुई देतात. टोचल्या जागी चार दिवस दुखेल, क्वचित डोके दुखेल. बाळंतपणानंतरची जुनी कंबरदुखी बहुधा गरोदरपणाची आणि वाकून केलेल्या कामाची असते.

मग भ्यायचे कशाला? लपवाछपवीला. लेकरू रडते म्हणून आजी हळूच दूध-बिस्किट देते. माया खरी, पण भुलीत गिळण्याखोकण्याची शक्ती राहत नाही. पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरले तर जिवावर बेतते. म्हणून ऑपरेशनआधी तेलकट जेवण वा मटण ८ तास, हलके खाणे, गाईम्हशीचे दूध व दुधाचा चहा ६ तास, आईचे दूध ४ तास आणि साधे पाणी २ तास बंद, असा साधारण नियम आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा.

चुकून काही खाल्ले तर तसे सांगून टाका. ऑपरेशन पुढे जाईल, एसटीचे भाडे वाया जाईल, पण माणूस वाचेल. तातडीचे ऑपरेशन असले तरी सांगा. डॉक्टर त्याप्रमाणे काळजी घेतात.

दमा, साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, वैदूचे औषध, हलता दात, कवळी हेही सांगा. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बिडी, मिसरी, दारूही लपवू नका. नेहमी पिणाऱ्याच्या औषधाचा हिशेब वेगळा असतो. सासऱ्यांसमोर मिसरीचे बोलता येत नसेल, तर सुनेने डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे असे सांगावे. त्यात लाज कसली?

घरून निघतानाच हे सारे कागदावर लिहून घ्या आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद पिशवीत ठेवा. भुलीचे डॉक्टर विचारायला येतील, तेव्हा त्यांच्या हाती द्या.