रविवारची हजेरी कोणाची?

इंग्लंडमध्ये मूल दोन-तीन वर्षांचे झाले की काही घरांत अचानक देव आठवतो. एरवी चर्चची पायरी न चढणारे आईबाप दर रविवारी मुलाला घेऊन प्रार्थनेला हजर राहू लागतात, कारण चर्चच्या चांगल्या शाळेत प्रवेश हवा असतो. ‘गुडघे टेका, फी वाचवा’ असे तिकडे थट्टेने म्हणतात. सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत ६ टक्के पालकांनी ही गोष्ट कबूल केली होती.

या आयांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांना रांगेत उभे करणारा नियम कोणता, ते आधी पाहू.

इंग्लंडमधील सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळा धार्मिक आहेत. त्यांतल्या बहुतेक अँग्लिकन आणि कॅथलिक चर्चच्या. १९४४ च्या शिक्षण कायद्याने त्यांना सरकारी व्यवस्थेत घेतले. पगार आणि रोजचा खर्च सरकारचा, मुलांना फी नाही. परंतु जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर आपल्या धर्माच्या मुलांना आधी घेण्याची मुभा यांतल्या बऱ्याच शाळांना आहे. २०१० च्या समानता कायद्यानेही ही सूट कायम ठेवली. सगळ्याच शाळा ती वापरत नाहीत. ज्या वापरतात, तिथे बाप्तिस्म्याचा दाखला किंवा चर्चमधील हजेरी आणि त्यावर धर्मगुरूची सही लागते. कर सर्वांनी भरायचा, दार मात्र काहींसाठी आधी उघडायचे!

आता बाईच्या बाजूने पाहू. अर्जावर शब्द ‘पालक’ असा असतो. पण मुलांची शाळा म्हणजे आईचे काम, ही रीत तिकडेही पुरती मोडलेली नाही. रविवारी वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा दुकानात पाळी करणाऱ्या बाईने हजेरी कशी लावायची? घटस्फोटानंतर मूल शनिवार-रविवार बापाकडे जात असेल, तर तिने काय करायचे? पालकांची वैवाहिक स्थिती किंवा उत्पन्न पाहून प्राधान्य देऊ नये, मुलाखत घेऊ नये, असे तिथली प्रवेश संहिता सांगते. पण जे थेट विचारायला बंदी आहे, ते रविवारची हजेरी न विचारता गाळून घेते. ज्या घरात वेळ आहे, गाडी आहे, नियमांची माहिती आहे, ते घर पुढे सरकते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांना या शाळांनी आधार दिला. आज स्विंडनसारख्या शहरात राहणारी गोवेकर ख्रिस्ती कुटुंबे मनापासून चर्चला जातात. स्थलांतरितांना समाजाची सोबत लागतेच. हे खरे आहे. पण त्याच गल्लीतल्या मुसलमान, हिंदू किंवा निरीश्वरवादी आईचे मूल सार्वजनिक पैशाच्या शाळेत मागे का राहावे? शिवाय खऱ्या श्रद्धेचाही यात अपमान होतो. प्रार्थना हजेरीपटात मोजली की भाविक बाईकडेही संशयाने पाहिले जाते.

मैत्रिणींनो, हा प्रश्न केवळ साता समुद्रापलीकडचा नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सर्व अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याबाहेर राहिल्या. इथला संदर्भ वेगळा आहे. बहुसंख्याकांच्या दबावाखाली असलेल्या समाजाला आपली शाळा चालवण्याचा हक्क असलाच पाहिजे, तो घटनेने दिला आहे. पण संस्था चालवण्याचा हक्क आणि मुलाचा शिकण्याचा हक्क यांची सांगड घालताना, दारात ताटकळणाऱ्या आईला कोणी विचारात घेते का, हे आपण दोन्हीकडे विचारायला हवे.

धर्म पाळायचा की नाही, हे बाईने स्वतः ठरवावे. मुलाच्या शिक्षणासाठी तिला कोणाही पुरोहिताची सही मागावी लागू नये. जिथे पैसा सर्वांचा, तिथे प्रवेशाचा नियमही सर्वांना सारखा असावा. आणि प्रत्येक वस्तीतली साधी सरकारी शाळा इतकी चांगली हवी, की अशी हजेरी लावायची गरजच उरू नये. आपली लढाई तिथून सुरू होते.