कुबट चाऱ्यातून निघालेले औषध



गेल्या महिन्यात एका गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून निघालो, तेव्हा ओळखीच्या एका शेतकऱ्यांनी ओसरीवर बसवून घेतले. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होऊन त्यांचा पाय सुजला होता. डॉक्टरांनी आधी हेपॅरिनची इंजेक्शने व पुढे वॉरफॅरिनच्या गोळ्या दिल्या होत्या. ते म्हणाले, "साहेब, हे तर उंदराचं औषध म्हणे! चार दिवस झाले, बंद केलं."

ऐकले ते खरे, पण अर्धेच. १९२०च्या सुमारास उत्तर अमेरिकेत गुरे अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण निघाले ते बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची कॅन घेऊन बर्फाच्या वादळातून विद्यापीठात पोचला. तेथे कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून चाऱ्यातले द्रव्य वेगळे केले. त्यावरूनच वॉरफॅरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आले व १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले.

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात जीवनसत्त्व 'के'च्या मदतीने तयार होतात. वॉरफॅरिन त्यात आडकाठी घालते. ते गाठ विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवण्याचे काम शरीर हळूहळू करते. मध्येच गोळी सोडली, तर नवी गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकते.

तणनाशकाप्रमाणे येथेही सारा खेळ मात्रेचा. म्हणून एवढे पाळा:

१) रक्ताची आयएनआर तपासणी चुकवू नका. बहुतेकांत ती २ ते ३ ठेवतात.

२) पालक, मेथी खा, पण रोज साधारण सारखीच. त्यांत 'के' असते.

३) अंगदुखीची गोळी किंवा झाडपाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

४) हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, काळी शौचास किंवा डोक्याला मार लागल्यास ताबडतोब दवाखाना गाठा.

ॲपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन या नव्या गोळ्यांना ही वारंवार तपासणी लागत नाही; पण त्याही मनाने सोडू नका. आणि उंदरांचे ब्रोमॅडिओलोन याच कुळातले, पण फार जहाल. ते मुलाबाळांपासून व जनावरांपासून दूर कुलपात ठेवा.

त्याच सायंकाळी मुलाने वडिलांना डॉक्टरांकडे नेले. तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर आज एवढे विचारा: शेवटची तपासणी कधी झाली?