दाखला हातावर ठेवणे हा न्याय नव्हे!

मुलावर गंभीर गुन्हा नोंदला गेला की शाळेचा निरोप ठरलेला असतो, 'दाखला घेऊन जा!' आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे शिकवणाऱ्यांना कोणी शिकवायचे?

पीडित मुलीच्या वर्गातच आरोपीला बसवा, असे आम्ही म्हणत नाही. तिची सुरक्षितता पहिली. त्यासाठी आरोपी विद्यार्थ्याची वेगळी सोय जरूर करा. पण तेथे शिक्षक, तोच अभ्यासक्रम, परीक्षा आणि परतीची तारीख नसेल तर त्या सोयीला आम्ही कोंडवाडाच म्हणू.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. नववीत हे कवच संपते. २०१५ चा बाल न्याय कायदा चौकशीला चार महिन्यांची मुदत घालतो, पण गंभीर गुन्ह्यात ती वाढवता येते. तोवर दहावीचे वर्ष हातचे जाते. पैसेवाल्याचा मुलगा शिकवणी लावून परीक्षेला बसतो. वस्तीतला मुलगा गॅरेजवर कामाला लागतो आणि निर्दोष सुटला तरी शाळेत परतत नाही.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. वेगळे बसवण्याचा अर्थ आमच्या समाजाला पुरता ठाऊक आहे. म्हणून शासनाला आमचे सांगणे आहे : मुलाला हलवायचे तर लेखी कारण द्या, पालकांचे ऐका, मुदत ठरवा आणि निर्दोष ठरताच त्याचा बाक त्याला परत द्या!