भारी म्हणताय, पण वाचलंय का?

कोल्हापुरात आवडतं पुस्तक विचारा, निम्मी मंडळी डोळे झाकून ‘मृत्युंजय’ म्हणतात. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचा हा कर्ण (१९६७) भारीच. पण खरं सांगू? उपमा-अलंकारांनी मध्येच दम लागतो. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) तर त्याहून गोड, एका बैठकीत झेपत नाही. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) मात्र सोडवत नाही. कागलचं पोरगं, शाळेसाठी बापाशी उभा दावा आणि भाषा थेट आपल्या मातीतली! नॉन-फिक्शन हवंय? गोविंद पानसरेंचं ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) घ्या. मूळचं भाषण, त्यामुळे पुणे गाठेपर्यंत संपेल. डोक्यातून मात्र जाणार नाही. पटत नसेल तर बिनधास्त भांडा. फक्त शोकेसमधलं पुस्तक आधी उघडा, बॉस!