दोन नोंदी म्हणजे दोन विवाह नव्हेत

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पत्नीचे एक नाव, घरच्या वंशावळीत दुसरे. लगेच ‘दोन बायका’ असा निकाल! विवाहात वधूचे नाव बदलत असे, याचा विसर कसा पडतो? १९५५च्या हिंदू विवाह कायद्यापूर्वी दुसरी पत्नी शक्य होती, हे मान्य. परंतु शक्यता हा पुरावा नव्हे. स्कॉटलंडात १८५५पूर्वी वधू-वरांचे पॅरिश भिन्न असल्यास विवाहघोषणा दोन्हीकडे नोंदली जाई, विवाह एकच. वाशीमचेच पाहा: १९०५पर्यंत स्वतंत्र जिल्हा, नंतर अकोल्यात, १९९८पासून पुन्हा स्वतंत्र. दप्तरात जिल्हा बदलला, म्हणून घराणे बदलत नाही. माहेर, वर्ष, मुलांची नावे ताडून पाहा. मगच त्या माउलीवर सवत आणा.