कॅन्सरच्या रुग्णाला दम लागला तर

हिंगोली जिल्ह्यात ‘संजीवनी’ अभियानात 2,92,996 महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. 14,542 जणींत संशयास्पद लक्षणे आढळली आणि पुढच्या तपासणीत 12 जणींना कॅन्सर निघाला: 8 तोंडाचे, 3 गर्भाशयमुखाचे, 1 स्तनाचा. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत ही माहिती देण्यात आली. चौदा हजारांचा आकडा ऐकून घाबरू नये. मात्र ज्या घरांत इलाज सुरू आहे, त्यांच्यासाठी आज आम्ही लिहीत आहोत.

कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठते. केमोथेरपी, ऑपरेशन, अंथरुणावर पडून राहणे यांनी धोका वाढतो. कळमनुरी-सेनगावहून संभाजीनगर किंवा मुंबईपर्यंत तासन्‌तास बसून केलेला प्रवासही त्यात भर घालतो. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. अचानक दम लागतो, छातीत दुखते, कधी थुंकीतून रक्त येते. त्याआधी पुष्कळदा एकच पाय सुजतो. घरात ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून दोन दिवस निघून जातात. असा रुग्ण त्याच दिवशी दवाखान्यात न्यावा. क्वचित, विशेषतः जठराच्या कॅन्सरमध्ये, कॅन्सरच्या पेशीच फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. तेव्हा स्कॅनमध्ये मोठी गुठळी दिसत नाही, तरी दम वाढत जातो. तो प्रकार फार अवघड. नेहमीची गुठळी मात्र वेळेत सापडली तर इलाज आहे.

इथे आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिनचे इंजेक्शन बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनते. हे कळल्यावर काहीजण गुपचूप इंजेक्शन बंद करतात. असे करू नये. जीव वाचवण्यासाठी नाइलाज असेल तर सवलत आहे, हे आपल्या दीनमध्येच आहे. मक्केतील फिक्ह अकादमीनेही 2003 मध्ये, हलाल पर्याय नसेल तर हे औषध घेण्यास परवानगी दिली. पर्याय आहेतही. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन पूर्णपणे कारखान्यात बनवलेले असते, पण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ते देत नाहीत. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन या गोळ्याही आहेत, मात्र जठर-आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा निवड डॉक्टरांची. आपला प्रश्न त्यांना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारावा. डॉक्टरांना त्यात वावगे वाटत नाही.