हरवलेली वाटसरू आणि घरबसले तपासनीस

फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतरांगेत पिक द सोवगार्द नावाचे २,७३८ मीटर उंचीचे शिखर आहे. २२ नोव्हेंबर २०२० रोजी दुपारी चारच्या सुमारास सदतीस वर्षांच्या एका ब्रिटिश महिलेने या शिखरावरून आपल्या जोडीदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचे छायाचित्र पाठवले. ती एकटीच निघाली होती. रात्र पलीकडच्या उतारावरील आश्रयगृहात काढायची आणि तीन दिवसांनी स्पेनमधील बेनास्क गावी ठेवलेल्या आपल्या गाडीकडे परतायचे, असा तिचा बेत होता. त्या छायाचित्रानंतर तिचा संदेश आला नाही. २५ नोव्हेंबरला जोडीदाराने ती हरवल्याची खबर दिली.

दोघांची नावे तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. येथे ती देण्याचे कारण नाही. घडले त्याचा अर्थ नावावाचून कळतो, आणि त्या नावांना पुरेसा त्रास झालेला आहे.

फ्रान्सच्या पर्वतीय पोलिसांनी आणि स्पेनच्या सिव्हिल गार्डने आपापल्या बाजूने शोध सुरू केला. हेलिकॉप्टरे फिरली, पथकांनी वाटा पालथ्या घातल्या. पण नोव्हेंबरचा शेवट म्हणजे त्या उंचीवर हिवाळ्याचे दार. बर्फ पडू लागला आणि डिसेंबरात शोध थांबवावा लागला. डोंगर बंद झाला, तसा दुसराच एक बाजार उघडला.

हजारो मैल दूर उबदार खोलीत बसलेली माणसे तिचे शेवटचे छायाचित्र मोठे करून पाहू लागली. तिच्या जुन्या लिखाणातील वाक्ये वेगळी काढून त्यांचा अर्थ लावला जाऊ लागला. ती स्वखुशीने नाहीशी झाली असेल, असे कोणी म्हणाले. तिला कोणी पळवले असेल, असे दुसऱ्याने म्हटले. आणि बऱ्याच जणांचे बोट, अशा वेळी वळते तसे, जोडीदाराकडे वळले. दोघे सहा वर्षे गाडीत घर करून युरोप हिंडत होते, मग या खेपेस तो बरोबर का नव्हता? दोघांत बिनसले होते का? तो इतका शांत का बोलतो? तो रडला असता, तर इतके का रडतो, असेही कोणीतरी विचारले असते.

या तर्कांमागे एक साधी समजूत होती: एवढे शोधूनही ती सापडत नाही, त्या अर्थी ती डोंगरात नाहीच. वरकरणी हा हिशेब चोख वाटतो. पण ज्याने डोंगर पायांखाली घातला आहे, त्याला त्यातील चूक लगेच दिसते. नकाशावर जो चौरस किलोमीटर सपाट दिसतो, तो प्रत्यक्षात घळी, कपारी आणि घसरत्या दगडगोट्यांनी भरलेला असतो. हेलिकॉप्टरातून उभ्या कड्याचा पायथा दिसत नाही. कड्यावरून पडलेला माणूस वाटेपासून फार दूर नसतो, पण वाटेवरून दिसेल अशा जागीही नसतो. त्यावर चार बोटे बर्फ पडला, की उन्हाळ्यापर्यंत ती जागा जगाच्या दृष्टीने नाहीशीच होते. शोधपथक जेथे पाहते तेथे माणूस दिसला नाही, एवढेच शोधाअंती म्हणता येते. तो तेथे नव्हता, हे त्यापुढचे विधान आहे, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन पायवाटेवर २०१३ च्या जुलै महिन्यात सहासष्ट वर्षांची एक स्त्री अशीच नाहीशी झाली. मेन राज्यातील दाट अरण्यात ती नैसर्गिक विधीसाठी वाटेवरून थोडी बाजूला गेली आणि तिला वाट पुन्हा सापडली नाही. पतीला पाठवलेले संदेश सिग्नलअभावी पोहोचलेच नाहीत. तिने तंबू ठोकला, वही लिहिली आणि किमान सव्वीस दिवस वाट पाहिली. मोठा शोध झाला. माग काढणारी कुत्री घेऊन निघालेले एक पथक तिच्या तंबूपासून सुमारे शंभर यार्डांवरून गेले होते, असे पुढे अहवालात आले. तिचे अवशेष ऑक्टोबर २०१५ मध्ये मिळाले, पायवाटेपासून दोन मैलांच्या आत. मधल्या दोन वर्षांत तिच्याविषयीही घातपाताच्या वदंता उठल्याच.

हौशी तपास सरसकट निंद्य आहे असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटात १९९६ च्या उन्हाळ्यात चार जणांचे एक जर्मन कुटुंब हरवले. काही महिन्यांनी त्यांची मोटार मिळाली, माणसे मिळाली नाहीत. सर्वांनी आशा सोडल्यावर एका हौशी शोधकाने एक तर्क बांधला: नकाशावर दक्षिणेस लष्करी हद्द दाखवलेली आहे; तेथे कुंपण असेल, पहारा असेल, मदत मिळेल, अशा युरोपीय समजुतीने ते तिकडे चालत गेले असावेत. मग पाठीवर पाणी घेऊन तो स्वतः त्या दिशेने चालला. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याला आणि त्याच्या सोबत्याला तेथेच मानवी अवशेष मिळाले. हाही अंदाजच होता, पण तो जागेविषयी होता. जागेविषयीचा अंदाज पायांनी तपासता येतो, आणि चुकला तर अंदाज करणाऱ्याचेच पाय दुखतात. माणसाविषयीचा अंदाज चुकला, तर दुखणे दुसऱ्याच्या वाट्याला येते.

हिशेबनीस मंडळींना हा फरक निराळा समजावून सांगावा लागू नये. ताळेबंदात दोन बाजू जुळत नाहीत आणि फरक कोठे आहे ते सापडत नाही, तेव्हा ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. जुन्या मारवाडी वह्यांत त्यालाच उचंत खाते म्हणत. पुरावा मिळेपर्यंत रक्कम तेथेच पडून राहते. दिवस सरत आला, घरी जायची घाई झाली, म्हणून कोणी ती समोरच्या आसामीच्या नावे टाकत नाही. टाकली, तर तो मुनीम दुसऱ्या दिवशी पेढीवर नसतो. अमक्याची पेढी अडचणीत आहे, ही कुजबूज एका संध्याकाळी गावभर फिरली, तर सकाळी चांगल्या घराची पतही कशी डळमळते, हे व्यापारी कुटुंबांइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तीच कुटुंबे संध्याकाळी फोनवर आलेला कोणा अनोळखी माणसावरचा आरोप विचार न करता पुढे धाडतात, हेही खरे आहे.

पिरेनीजमधील त्या जोडीदाराची कथा येथे थोडी गुंतागुंतीची होते. संशय त्याच्यावर होता, आणि तो स्वतःही चुकीच्याच तर्काला आला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. ती अनुभवी होती, वाट तिच्या आवाक्यातली होती, एवढ्या शोधात काहीच हाती लागले नाही. म्हणून अपघात संभवत नाही, कोणीतरी तिला नेले असावे, असे त्याला वाटू लागले होते. न सापडण्याचा अर्थ लावण्यात परक्यांची जी चूक झाली, तीच त्याची झाली. पण त्याने कोणाचे नाव घेतले नाही, आणि बर्फ वितळताच तो डोंगरात गेला. तंबू घेऊन तो आठवडेच्या आठवडे त्या सीमेवरील उतार एकेक करून चालत राहिला. ही पायपीट हजार किलोमीटरांच्या वर गेली.

२३ जुलै २०२१ रोजी पोर्त द ला ग्लेर या खिंडीजवळ डोंगरात धावणाऱ्या एका माणसाला हाड दिसले. ३० जुलैला डीएनए तपासणीने ते तिचेच असल्याचे ठरले. तिचे सामान मात्र कोठेच दिसत नव्हते, त्यामुळे तर्कवितर्क थांबले नाहीत. जोडीदाराची पायपीटही थांबली नाही. ९ ऑगस्टला त्याच परिसरात तिचा देह आणि तिचे सामान मिळाले. ते पाहणारा पहिला माणूस तोच होता. पडून झालेला अपघात हीच सर्वांत संभवनीय गोष्ट आहे, असे फ्रेंच अधिकाऱ्यांनी सांगितले.